अत्यावश्यक नसलेल्या माणसांची यादी

साथींनो,

या अंकाची पहिली पानं कवितांना द्यायची असं ठरलं होतं. कविता पुढच्या अंकात येतील. कविता थांबली म्हणून मरत नाही. या वेळी मला एका कागदाबद्दल लिहायचंय.

कागद साधा आहे. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेला. मुंबईतल्या कुठल्याही टॉवरच्या बेसमेंटला जा, पंपरूमच्या बाजूला जिथे झाडू, बादल्या आणि माणसं एकत्र ठेवतात, तिथे तो भिंतीला चिकटवलेला असतो. वर मथळा असतो : हाऊसकीपिंग व गार्डन स्टाफची कर्तव्ये.

कर्तव्ये! शब्द बघा कसा निवडलाय. शूद्राला एकच कर्तव्य, वरच्यांची सेवा, हे मनूने सांगून ठेवलं होतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या समोर ते पुस्तक जळलं. आम्हाला वाटलं, गेली ब्याद. नाही गेली. ती लॅमिनेट होऊन बेसमेंटला आली.

मॅट्रिक झाल्यावर आठ महिने मी हेच काम केलं. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये. नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी बेसमेंट तेच असतं. १९८२ च्या संपाआधी जिथे साचे धडधडायचे त्या जमिनीवर तो उभा आहे. आता मी गोदीत आहे, लोखंड उतरवणाऱ्या गँगमध्ये. वहिनी अजून त्याच लाइनीत आहे आणि आमच्या चाळीतली निम्मी माणसंसुद्धा. तेव्हा खाली जे लिहितोय ते ऐकीव नाही.

पहिलं कर्तव्य : सकाळी सातच्या आत लॉबी, पॅसेज आणि जिने झाडून पुसून घेणे.

सातला साहेबलोक पळायला उतरतात. त्यांना फरशी ओली दिसता कामा नये. म्हणजे पोछा साडेपाचला मारायचा, आणि त्यासाठी मानखुर्द, बदलापूर, नालासोपाऱ्याहून अंधारातच निघायचं. जिना वरून खाली पुसत आणतात. पुसलेल्या पायरीवर पाय द्यायचा नाही, म्हणून पाठमोरं उतरायचं. बावीस मजले पाठमोरं. एका हातात मॉप, दुसऱ्या हातात बादली. पंचवीस वर्षांच्या पोराची कंबर संध्याकाळी म्हाताऱ्याची होते. लिफ्टचं स्टील चकाचक ठेवायचं ते आपणच, पण त्या लिफ्टमधून वर जायचं नाही. आपल्यासाठी सर्व्हिस लिफ्ट. ती बंद असेल तर जिना आहेच, आताच पुसलेला.

दुसरं कर्तव्य : कॉमन टॉयलेट दिवसातून चार वेळा साफ करणे व तक्त्यावर सही करणे.

सही घेतात. आम्हाला नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही, पण संडासाच्या दारावर मात्र आमची सही रोज चार वेळा. वहिनी म्हणते, "माझ्या सहीला बँकेत किंमत नाही, मुतारीत आहे." जो संडास ती धुते तो तिला वापरायची परवानगी नाही. बाईमाणूस आहे ती. सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात छापावी अशी. ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग एकत्र टाकू नका. डाग लवकर जातो म्हणून सुपरवायझर टाकायला लावतो. त्या दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांची फुफ्फुसं जाळायला जो सोडला होता, तोच. इशारा बाटलीवर असतो. मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत.

तिसरं कर्तव्य : प्रत्येक मजल्यावरचा कचरा गोळा करून ओला-सुका वेगळा करणे.

हे कर्तव्य आमचं नाहीच. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी स्पष्ट सांगितलं की ज्याच्या घरात कचरा होतो त्याने तो घरातच वेगळा करायचा आणि वापरलेले पॅड-डायपर गुंडाळून द्यायचे. पण फ्लॅटमधला सुशिक्षित माणूस सगळं एका पिशवीत कोंबतो आणि दाराबाहेर ठेवतो. मग तळघरात ती पिशवी फोडून हाताने निवडतो कोण? फुटलेला बल्ब, इंजेक्शनची सुई, नासलेलं मटण, रक्ताचे पॅड. हातमोजे वर्षातून एकदा मिळतात, फोटो काढायच्या दिवशी. सुई टोचली तर सुपरवायझर म्हणतो, "चुना लाव."

चौथं कर्तव्य : बाग व परिसर हिरवा आणि स्वच्छ राखणे.

बाग ऐकायला गोड लागतं. खुरपायचं, लॉन कापायचं, कडेची मेंदी सरळ रेषेत छाटायची. पावसाळ्यात वाटेवरचं शेवाळ लोखंडी पत्र्याने खरवडायचं, नाहीतर साहेबांचा म्हातारा घसरेल. नारळाच्या झावळ्या उतरवायच्या, नाहीतर गाडीची काच फुटेल. डासांचं आणि किडीचं औषध तोंडाला फडकं बांधून फवारायचं. म्हातारा घसरू नये, काच फुटू नये, डास चावू नये. सगळ्यांची काळजी आहे. झावळी उतरवणाऱ्याच्या कंबरेला पट्टा मात्र नाही. आमच्या टॉवरचा माळी बीड जिल्ह्यातला मातंग. गावी जमीन नाही, इथे मालकीचा पाला नाही. त्याने लावलेल्या लॉनवर पाटी आहे : गवतावर बसू नये. तो जेवायला जिन्याखाली बसतो.

आणि शेवटचं, पाचवं कर्तव्य. एका ओळीचं : वरिष्ठ सांगतील ती इतर कामे.

साथींनो, अख्ख्या कागदात माणूस मारणारी ओळ हीच. कुणाचं फर्निचर चढवा, कुणाचा कुत्रा फिरवा, इथपर्यंत ठीक. पण गटार तुंबतं. चेंबर भरतो. सेप्टिक टँकवरचं झाकण निघतं आणि सुपरवायझर म्हणतो, "जरा उतरून बघ रे." ते "जरा" म्हणजेच इतर कामे.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका हाउसिंग सोसायटीचा सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. म्युनिसिपालिटीचं गटार नव्हतं ते. कुटुंबं राहतात अशी बिल्डिंग होती. नवरे गेले आणि बायकांना हक्काच्या भरपाईसाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टाने सरकारला दहा-दहा लाख द्यायला सांगितलं. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये असा माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मेलेल्याच्या वारसाला दहा लाख ठरवले, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केले. मरणाचा भाव वाढला. मरण थांबलं नाही. कुठल्या सोसायटीचा सेक्रेटरी जेलात बसलेला तुम्ही पाहिलाय?

लक्षात ठेवा, त्या टाकीतला गॅस कुजक्या अंड्यासारखा वास मारतो आणि जास्त झाला की नाकच मरतं, वास यायचा बंद होतो. "आता वास नाही, उतर" असं कुणी म्हणालं तर त्यालाच उतरायला सांगा.

आता सवाल असा की हे सगळं करून घेणारा मालक कोण?

सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. तो म्हणतो, "आम्ही एजन्सीला पैसे देतो." एजन्सीवाला म्हणतो, "मी सब-कॉन्ट्रॅक्ट दिलंय." सब-कॉन्ट्रॅक्टवाला फोन उचलत नाही. हुकूम सोडायला दहा मालक, पगाराच्या दिवशी एकही नाही. अकरा महिन्यांनी एजन्सी बदलते. माणसं तीच, झाडू तोच, युनिफॉर्मचा रंग बदलतो आणि त्याचेही पैसे पगारातून कापले जातात. वहिनीची त्या एकाच बिल्डिंगमध्ये नऊ वर्षं झाली. कागदावर तिची नोकरी कधी वर्षाची झालीच नाही. पीएफ कापतात दोन्ही बाजूंचा, म्हणजे मालकाचा हिस्साही तिच्याच पगारातून, आणि भरतात की नाही ते देव नाही, मोबाइलवरचं पासबुक जाणे. पूर्वी वीस माणसांवर कंत्राटी कामगारांचा कायदा लागायचा. नव्या कायद्यात ती संख्या पन्नास केली. आता एजन्सीवाले एकोणपन्नासपर्यंत मोजतात आणि पुढची माणसं दुसऱ्या नावावर चढवतात. शाळेत न गेलेलेही या गणितात पक्के आहेत.

या कायद्याचा इतिहास नीट समजून घ्या. कोर्टाचं इंग्रजी आमच्या एका वकिलीच्या पोराने चार रात्री बसून आम्हाला समजावून दिलं. ते थोडक्यात सांगतो.

१९७० मध्ये कंत्राटी कामगार कायदा आला. नावातच नियमन आणि निर्मूलन. कंत्राट संपवायचं असं सरकार तोंडाने तरी म्हणत होतं. ९ डिसेंबर १९७६ ला केंद्र सरकारने हुकूम काढला : केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारती झाडणं, साफ करणं, धूळ पुसणं आणि राखणं, या कामांना कंत्राटी माणूस लावायचा नाही. उंच इमारतीची बाहेरची बाजू साफ करण्यासारखी खास कसबाची कामं तेवढी वगळली. म्हणजे बिल्डिंग झाडणाऱ्या माणसाचं नाव सरकारच्या हुकमात आलं आणि त्याला मालक मिळायची वाट झाली. वीस वर्षं तो हुकूम फायलीत झोपला. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, कंत्राट बंद झालं तर कामगार आपोआप मुख्य मालकाचा. मुंबईतल्या झाडूवाल्यांनी त्या दिवशी पेढे वाटले असतील तर ते पाचच वर्षं पुरले. ३० ऑगस्ट २००१ ला पाच न्यायमूर्तींनी तो निकाल उलटवला आणि १९७६ चा हुकूमही रद्द केला. त्या खटल्याच्या नावात एका बाजूला स्टील अथॉरिटी आहे आणि दुसऱ्या बाजूला नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स. वॉटरफ्रंट म्हणजे आमचा धक्का. म्हणजे बघा, गोदीवाल्यांच्या युनियनचा खटला हरला आणि झाडूवाल्याचा हुकूम मेला. आपलं नशीब एकाच दोराने बांधलंय, आपल्यालाच ते माहीत नव्हतं.

मग आलं २०२०. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता या देशाने गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. कुणासाठी? अत्यावश्यक काम करणाऱ्यांसाठी. टॉवरवाल्यांनी वरून टाळ्या पिटल्या, खाली कचऱ्याची गाडी ढकलणाऱ्याने मान वर करून पाहिलं. आमच्या चाळीतल्या बाया त्या दिवसांत मैलोगणती चालत कामावर गेल्या. सहा महिने झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीला संसदेने नवी कामगार संहिता मंजूर केली, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची आणि आरोग्याची. तिच्यात म्हटलंय, आस्थापनेच्या मुख्य कामाला कंत्राटी माणूस लावता येणार नाही. वाचताना बरं वाटलं. मग वकिलीच्या पोराने व्याख्या वाचली. मुख्य काम कशाला म्हणायचं नाही याची तिथे यादी आहे. ती आस्थापना त्याच कामासाठी उभी केलेली नसेल, तर ही कामं आवश्यक धरायची नाहीत :

एक नंबर, साफसफाई. झाडणं, पुसणं, धूळ झटकणं, सगळ्या तऱ्हेचा कचरा उचलणं. दोन नंबर, राखण आणि सिक्युरिटी. तीन नंबर, कँटीन. चार नंबर, माल चढवणं-उतरवणं. आणि आठ नंबरला, बागकाम आणि लॉनची निगा.

मी त्याला म्हटलं, परत वाच. त्याने परत वाचलं. एक नंबरला माझी वहिनी. दोन नंबरला समोरच्या खोलीतला वॉचमन. तीन नंबरला त्याचा पोरगा, ऑफिसच्या कँटीनमध्ये कप धुतो. चार नंबरला मी. आठ नंबरला आमचा माळी. आमची अख्खी चाळ त्या यादीत बसली होती. शिरगणतीत आमची नावं चुकतात, मतदार यादीतून उडतात. या यादीत मात्र एक माणूस सुटला नाही.

माझं एक वेळ भांडता येईल. गोदी उभी राहिली तीच माल चढ-उतार करायला. म्युनिसिपालिटीच्या झाडूवाल्यालाही म्हणता येईल की शहर साफ ठेवणं हेच म्युनिसिपालिटीचं काम. पण बँक, कॉलेज, टॉवर, मॉल यांतल्या झाडूवाल्याने काय म्हणायचं? बँक झाडण्यासाठी उघडलेली नाही, हे कायद्याचं म्हणणं. मग आठ दिवस झाडू मारू नका आणि बघा बँक उघडते का! पोटच्या पोरीने वापरलेला संडास तिथला मॅनेजर स्वतः धुणार आहे का? आणि जिथे काम मुख्य ठरेल तिथेही कायद्याने चोरवाट ठेवलीय : ते काम सहसा कंत्राटदाराकडूनच करून घ्यायची रीत असेल तर चालेल. म्हणजे जी रीत मोडायची तिलाच पुरावा धरायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झालीय.

एकच काम, बघा. थाळी वाजवायची असेल तेव्हा अत्यावश्यक. मालक ठरवायचा असेल तेव्हा अनावश्यक. आणि म्युनिसिपालिटीच्या झाडूवाल्याने संपाचं नाव काढलं की लगेच पुन्हा अत्यावश्यक, मेस्माची धमकी हजर. ही डबल ढोलकी नवी नाही. १९३८ मध्ये मुंबईच्या काँग्रेस सरकारने संपावर बेडी घालणारं बिल आणलं तेव्हा बाबासाहेब त्याच्याविरुद्ध असेंब्लीत लढले आणि ७ नोव्हेंबरला गिरण्यांच्या कामगारांना घेऊन रस्त्यावर उतरले. काम करायचं नाकारता येत नसेल तर तो कामगार गुलाम, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. त्या गुलामाला आता पाय धुऊन घेण्याचा मान मिळतो. २४ फेब्रुवारी २०१९ ला प्रयागराजच्या कुंभात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले. पाय धुवायला हरकत नाही, मळलेले असतातच. आम्ही मागतोय तो गमबूट.

आता जरा घरातलं बोलू. आपल्या चळवळीत या प्रश्नावर दोन तट आहेत.

एक तट म्हणतो, झाडू सोडा. घाणीची कामं टाकून द्या असं बाबासाहेबांनी सांगितलं. सफाई कामगारांची युनियन बांधणं म्हणजे आपल्या हातात झाडू पक्का करणं. दुसरा तट म्हणतो, पोट आहे, पोरं आहेत, पर्मनंट करून घ्या, लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी मिळते ती सोडू नका.

पहिल्या तटाला मी विचारतो, मित्रा, तू बँकेत लागलास, तुझं अभिनंदन. तुझ्या बँकेचा संडास कोण धुतंय ते एकदा नाव विचारून बघ. आडनाव ऐकून तुझी मान खाली जाईल. "झाडू सोडा" हे भाषण वहिनीला पगाराच्या तारखेपर्यंत जेवायला घालत नाही. दुसऱ्या तटाला विचारतो, बापाचा बंगला पोराला मिळतो, बापाचं शेत पोराला मिळतं, आणि आपल्याला वारसाहक्कात काय? झाडू! नोकरी घ्यावी लागते हे मी समजतो. पण तिला वारसा म्हणू नका, जिभेला लाज वाटू द्या.

मला दिसतं ते असं. नुसतं नाव बदलून जात जात नाही. भंगी म्हणायचे, मग हरिजन म्हणाले, मग सफाई कामगार, आता हाऊसकीपिंग बॉय. पंचावन्न वर्षांचा वाल्मिकी म्हातारा, नातवंडं असलेला, आणि त्याला हाक काय? "ए बॉय!" नुसता पगार वाढवूनही जात जात नाही. उत्तर प्रदेशात २००८ मध्ये गावोगाव सफाई कर्मचाऱ्यांची सरकारी भरती झाली. पगार चांगला म्हटल्यावर सवर्णही रांगेत उभे राहिले. नोकरी लागली. आणि मग पुष्कळ ठिकाणी पगार त्यांनी घेतला, झाडू मात्र थोडे पैसे देऊन गावातल्या दलिताच्याच हातात दिला. म्हणजे पगार हवा, आणि हातात झाडू कुणाच्या आहे हे बघणारा जबाबदार मालकही हवा. गमबूट हवा, मशीन हवं, टाकीत उतरायची सक्ती बंद हवी. काम असं करून टाका की ते कुणालाही करता येईल. मग ते आपल्यालाच करायला लागणार नाही. झाडू सोडायची वाट झाडूवाल्याच्या हक्कातूनच जाते. हा माझा मुद्दा आहे, आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

वाट नवी शोधायची गरजही नाही. गोदीत पूर्वी टोळीवाले गेटवर माणसं निवडायचे. ज्याने टोळीवाल्याचा हात ओला केला त्याला पाळी. १९४८ च्या कायद्याने नोंदणी आली. बोर्ड, हजेरी, काम नसलं तरी हजेरीचे पैसे. माझ्या आज्याकडे त्या वेळचा बिल्ला होता. माझ्याकडे गेटपास आहे, रोज संध्याकाळी मरतो. तरी त्या बिल्ल्यावर आज्याने तीन पोरं शिकवली. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडींचा कायदा झाला. मालकाची नोंदणी, हमालाची नोंदणी, मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. व्यापारी बोंबलले, बाजार बुडेल म्हणाले. बाजार बुडाला नाही. १९८१ मध्ये खाजगी सुरक्षारक्षकांसाठी तसाच कायदा झाला. या मंडळांत भानगडी झाल्या नाहीत असं नाही. झाल्या, आणि तिथेही दादा लोक शिरले. पण हमालाला दारात उभं करून हाकलणं तेवढं सोपं राहिलं नाही.

आता त्याच टॉवरच्या गेटवर बघा. ट्रकमधून माल उतरवणाऱ्यासाठी १९६९ चा कायदा. गेट उघडणाऱ्यासाठी १९८१ चा. आणि गेटाच्या आत झाडू मारणाऱ्यासाठी, बाग राखणाऱ्यासाठी? काही नाही. हमाल, वॉचमन आणि झाडूवाला यांच्या घामात काय फरक आहे? फरक आहे तो एवढाच की हमालात आणि वॉचमनमध्ये सगळ्या जातींची माणसं होती. मराठे होते, भय्ये होते, त्यांची मतं मोजली गेली. झाडू आमचा होता.

म्हणून या पानावरून आमची मागणी : इमारत-सफाई आणि बाग कामगारांचं नोंदणी मंडळ झालंच पाहिजे. एजन्सी बदलली तरी नोंदणी बदलणार नाही. पगार मंडळातून. ज्याची बिल्डिंग त्याची जबाबदारी. आणि कर्तव्याच्या कागदावरून "इतर कामे" ही ओळ खोडली पाहिजे.

मागणी छापून काही होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग काय करायचं?

२०१७ मध्ये मुंबई म्युनिसिपालिटीचे २,७०० कंत्राटी सफाई कामगार सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन पर्मनंट ठरले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ती लढाई लढली. कशावर जिंकले? २००१ च्या निकालाने सगळी दारं लावली तरी एक फट ठेवली होती. कंत्राट नुसतं सोंग आहे, खरा मालक दुसराच आहे, हे सिद्ध झालं तर कामगार त्या खऱ्या मालकाचा. आणि सिद्ध करायला लागतो पुरावा. हुकूम कोण देतं, हजेरी कोण घेतं, सुट्टी कोण कापतं, झाडू कोण विकत आणतं, किती वर्षं. बाईला सगळं तोंडपाठ असतं, पण कोर्ट तोंडपाठ मानत नाही. कोर्टाला लिहिलेलं लागतं.

इथे तुमची गरज आहे, कवींनो. आपल्या या मासिकाकडे महिन्याला ढिगाने कविता येतात. त्यांत झाडू आहे, गटार आहे, विष्ठा आहे, आईचे फाटलेले हात आहेत. चांगल्या आहेत, छापतो. पण ज्या आईच्या हातावर तू कविता केलीस, तिचा नेमणुकीचा कागद कुठे आहे हे तिला विचारलंस का? नव्या संहितेनेच नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय. एवढं एक कलम त्यांनी आपल्या बाजूने ठेवलंय, तर ते तरी वापरा. मोबाइलवर तिचं पीएफचं पासबुक उघडून दे. दोनशे पानी वही आण. रोज रात्री तिच्याशेजारी बस आणि लिही : तारीख, कामावर कधी गेली, कधी सुटली, काय काय केलं, कुणी सांगितलं. तिची सही घे. संडासाच्या दारावरची नाही, ही तिच्या स्वतःच्या वहीतली. टॉवरमध्ये चार बाया असतील तर चार वह्या. वर्षभराने त्या वह्या एकत्र आणा, मग कामगार आयुक्ताच्या टेबलावर ठेवू.

यमक जुळत नाही त्यात. प्रतिमा नाहीत. कुठलं साहित्य संमेलन तिला बक्षीस देणार नाही. तरी मी संपादक म्हणून सांगतो, या वर्षी आपल्या भाषेत लिहिलं गेलेलं सगळ्यात धोकादायक वाङ्मय तेच असेल. वहिनीची वही मी सुरू केलीय. चव्वेचाळीस पानं झाली. तुमची कधी सुरू होतेय ते कळवा.

जय भीम!